भोपळ्याच्या वाटीत काय घालायचं

पुणे, जूनचा दुसरा आठवडा

प्रिय मंदार,

तुझ्या बोक्याच्या, भोपळ्याच्या, रिपोर्टमध्ये एफआयव्ही निघाल्यापासून तुझे मेसेज येतायत आणि प्रत्येकात एकच प्रश्न आहे: याची प्रतिकारशक्ती वाढवायला काय खायला घालू? मेसेजमध्ये उत्तर मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. वहिनींना आणि काकूंनाही वाचून दाखव. त्याच्या वाटीत काय पडतं हे तुझ्यापेक्षा त्या दोघीच जास्त ठरवतात.

आजाराबद्दल आधी थोडक्यात. एफआयव्ही म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती दुबळी करणारा विषाणू. तो १९८६ साली कॅलिफोर्नियात, पेटालुमा गावच्या मांजरांमध्ये सापडला. डेव्हिसच्या विद्यापीठातले नील्स पेडरसन आणि त्यांचे सहकारी यांनी तो शोधून काढला. बोक्यांच्या मारामारीत खोल चावे बसतात, त्यातून तो पसरतो. माणसाला होत नाही, तेव्हा लेकीला त्याच्यापासून लांब ठेवायची गरज नाही. नीट सांभाळलं तर असं मांजर वर्षानुवर्षं चांगलं जगतं. आमची मनी जगली. तू तिला पाहिलंयस, शेवटपर्यंत खिडकीवर उडी मारायची.

आता खाण्याचं. प्रतिकारशक्ती वाढवणारा एखादा खास पदार्थ शोधायचं मनातून काढून टाक, असा पदार्थ नाही. ज्याचं शरीर जंतूंशी धड लढू शकत नाही, त्याच्या पोटात जंतू जाऊ द्यायचे नाहीत, आणि ते पोट रोज पुरेसं भरलं पाहिजे. भोपळ्याच्या आहाराचा सगळा विचार या दोन गोष्टींवर उभा आहे. केमो चालू असलेल्या किंवा बरेच दिवस स्टेरॉइडवर असलेल्या मांजरालाही हेच लागू.

म्हणूनच तुझ्या ऑफिसातल्या मित्राने सुचवलेलं कच्चं चिकन अजिबात नको. 'मांजर जंगलात कच्चंच खातं' हे ऐकायला पटतं, पण जंगलातलं मांजर शिकार मारल्या मारल्या खातं. आपलं चिकन कापलं जातं, मग दुकानाच्या ओट्यावर, पिशवीत, स्कूटरच्या हुकला लटकून घरी येतं. त्यात साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया असू शकतात. मटणात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो, आणि तो अशाच दुबळ्या मांजरांत उसळी मारतो. फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात हाही गैरसमज आहे. बरेचसे नुसते थांबतात, मांस नरम झालं की पुन्हा वाढायला लागतात.

आणि बर्ड फ्लू. २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणी केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, ती बातमी आठवत असेल. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला आणि संशय आहारावर गेला. पुढच्याच महिन्यात छिंदवाड्यात घरातल्या मांजरांमध्येही तोच विषाणू सापडला. धडधाकट वाघाची ही गत, तर भोपळ्याला कशाला त्या वाटेला न्यायचं? मांस आतपर्यंत ७० अंशांवर शिजलं की हा विषाणू टिकत नाही. मधे गुलाबी राहू देऊ नकोस, इतकं लक्षात ठेवलंस तरी पुरे. कच्चं अंडं, कच्चे मासे यांनाही तोच नियम. बाल्कनीत जाळी लावून घे, म्हणजे कबुतरं आणि उंदीर त्याच्या तोंडी लागणार नाहीत. शिकारही कच्चं मांसच.

आता काकूंचा विषय, आणि हा मला सगळ्यात नाजूक वाटतो. त्या त्याला दूध-पोळी देतात ती किती मायेने, ते मी पाहिलंय. आपल्या घरांमध्ये मांजर म्हटलं की दुधाची वाटी आलीच. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. धडधाकट मांजर त्यातून दोन दिवसांत सावरतं. भोपळ्याला प्रत्येक जुलाब महागात पडेल. गोठ्यातलं धारोष्ण दूध तर नकोच नको, त्यात न उकळलेल्या दुधाचे सगळे जंतू येतात.

पोळीने पोट भरतं पण अंग भरत नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. गाजरातून त्याला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते प्राणिज अन्नातूनच तयार मिळावं लागतं. टॉरिन नावाचं द्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. १९८७ साली डेव्हिसच्याच पॉल पायन यांनी दाखवलं की टॉरिन दिल्यावर असं हृदय सावरू शकतं. त्यानंतर कंपन्यांनी आपल्या खाण्यात टॉरिन वाढवलं. कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही, त्याचं एक कारण हेच.

म्हणून काकूंना शाकाहारी मांजराचा हट्ट सोडायला सांग, पण त्यांच्या स्वयंपाकघरात मांस आणू नकोस. त्याची गरजही नाही. बंद पाकिटातलं ओलं खाणं शिजवावं लागत नाही. बाल्कनीतला एक कोपरा, दोन स्टीलच्या वाट्या, वेगळा चमचा, वेगळी घासणी, एवढ्यात भागतं. आमच्या आईनेही हेच मान्य केलं होतं. पुढे मनी जेवली की नाही हे तीच आधी विचारायची. काकूंना असंच एखादं काम दे: त्याने किती खाल्लं ते कालनिर्णयवर लिहायचं. त्यांच्याइतकं बारीक लक्ष तुझं राहणार नाही.

पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नकोस, मागची बारीक अक्षरं वाच. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलेलं हवं, आणि मोठ्या मांजरासाठी एएएफसीओच्या (प्राण्यांच्या खाण्याची प्रमाणं ठरवणारी अमेरिकन संस्था) प्रमाणांनुसार आहे असा उल्लेख असला तर उत्तम. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते वरखाऊ, रोजचं जेवण नव्हे. चाटून खायची ती क्रीमची पाकिटं बहुतेक याच जातीची असतात. गोणीतून सुटं विकलं जाणारं कोरडं खाणं घेऊ नकोस. पावसाळ्यात ते सादळतं, बुरशी धरते, आणि गोणी कधी फोडली होती हे कोण सांगणार? छोटी पिशवी घे, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० असतात, ओल्याच्या ८५ ग्रॅमच्या पाकिटात बहुधा ६० ते ८०. म्हणजे ४० ग्रॅम कोरडं आणि एक ओलं पाकीट, असा हिशेब जमतो. नेमका आकडा तुमच्या पिशवीवर बघ. ओलं मला जास्त आवडतं, कारण त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं आणि मांजर स्वतःहून पाणी कमीच पितं. वाटीतलं ओलं अर्ध्या-पाऊण तासाने उचल, उरलेलं टाकून दे. फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये झाकून ठेवलंस तर दुसऱ्या दिवशी संपव.

तुला स्वतः काही शिजवायचं असेल तर काकूंच्या स्वयंपाकघराबाहेर, वरून घालायला चिकन उकड. मीठ, हळद, काही नको. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नकोस, कोमट करून खाण्यावर घाल. दुकानदाराकडून कोंबडीची हृदयं मागून घे, त्यात टॉरिन भरपूर असतं. कलेजी मात्र क्वचित आणि जराशी, रोज दिली तर अ जीवनसत्त्व साठून हाडं धरतात. नुसत्या उकडलेल्या चिकनवर त्याला ठेवू नकोस, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. शेजारच्या घरातून येणारा रस्सा आणि हाडं बंद म्हणजे बंद. कांदा-लसूण मसाल्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि एफआयव्हीच्या मांजरांना रक्त कमी असण्याचा त्रास आधीच होऊ शकतो. शिजलेलं हाड तुटून घशात किंवा आतड्यात रुततं.

आता ज्याने मला मनीच्या वेळी सर्वात जास्त जागवलं ते: न खाणं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि जीवावर बेततं, अंगाने भरलेल्या मांजराचं तर जास्तच. चोवीस तास त्याने वाटीला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन कर, 'उद्या खाईल' म्हणत बसू नकोस. एफआयव्हीच्या मांजरांच्या हिरड्या फार सुजतात. भोपळ्या वाटीपाशी येतो, वास घेतो, मान फिरवून निघून जातो, असं दिसलं तर त्याला नखरे समजू नकोस. भूक असते, तोंड दुखत असतं. लाळ गळते का, तोंडाला घाण वास येतो का, ते बघ. सर्दीने नाक चोंदलं असेल तरी वास येत नाही म्हणून खात नाही. तेव्हा ओलं खाणं हाताला कोमट लागेल इतपत गरम कर, वास सुटतो. नरम, चमच्याने ठेचलेलं, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा.

दर आठवड्याला वजन कर. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन कमी झालं तर ते डोळ्यांना दिसत नाही, पण आजार त्याआधीच पुढे सरकलेला असतो. काटा मी आणतो.

ताकदीची औषधं, सिरपं, च्यवनप्राश, हळद-मध, कुणी सांगितलेली लसणाची पाकळी, यातलं काहीही नको. मांजरांच्या सर्दीवर म्हणून लायसिन या पूरक द्रव्याच्या गोळ्या अजून विकल्या जातात, पण २०१५ साली सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा मांजरांना त्याचा फायदा दिसला नाही. ते पैसे दातांच्या तपासणीला ठेव. आणि ताप वाटला म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नकोस, एका गोळीने मांजर दगावू शकतं. हे घरात सगळ्यांना सांग.

खाणं बदलायचं ते एका दिवसात बदलू नकोस. आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत ने, नाहीतर पोट बिघडेल आणि काकू म्हणतील, दूध-पोळीच बरी होती. रविवारी सकाळी येतो, त्याआधी त्याचं तोंड डॉक्टरांकडून नीट बघून घे. दात काढायची वेळ आलेली असेल तर खाण्याचं सगळं गणित त्यानुसार मांडावं लागेल.

तुझा,
श्रीरंग

ता. क. वाड्यातल्या मांजरांना भोपळ्याच्या वाटीतून देऊ नकोस. एफआयव्ही वाटीतून सहसा पसरत नाही, पण त्यांच्या सर्दीचे विषाणू त्याला लगेच लागतील. रिपोर्टमध्ये फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या दुसऱ्या विषाणूची ओळही बघ, तो लाळेतून पसरतो. मला पाठवलेल्या फोटोत ते पान अर्धं कापलं गेलंय, पुन्हा काढून पाठव.