गोळी आत्ता नको

यावल

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

“झोप लागत नाही, एखादी गोळी सांग,” एवढंच तू फोनवर बोललास. बाकीचं सूनबाईकडून कळलं. तू मोठ्यानं घोरतोस, मधेच आवाज बंद पडतो आणि मग गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेतोस. म्हणून गोळी आत्ता नको.

घोरणाऱ्याला आपल्याकडे ‘काय गाढ झोपलाय’ म्हणतात. खरं तर श्वास अडत असेल तर त्याला पुरेशी गाढ झोप मिळतच नाही. झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट दबते. 10 सेकंद किंवा जास्त असा श्वास पुन्हा पुन्हा अडला की त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो आणि सकाळी तुला यातलं काही आठवत नाही. तासाला 5 ते 15 वेळा असं झालं तर सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर. दरवेळी नाडी आणि बीपी उसळी घेतात. औषध चालू असूनही बीपी हटत नसेल तर झोप तपासायची ती म्हणूनच. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, हेही त्यातच येतं. दारू आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या घसा आणखी सैल करतात, मेंदूचं जागं होणंही लांबवतात. अडलेला श्वास मग जास्त वेळ अडून राहतो.

शिंप्याच्या टेपनं मान मोज. 40 सेंमीच्या वर भरली तर शंका वाढते. बीपी बघून घे. सूनबाईला तुझं घोरणं दहा मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करू दे आणि ते घेऊन कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. ते स्लीप स्टडी सांगतील. छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. दवाखान्यात केली तर डोक्यालाही वायरी. दुखत काही नाही. सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, दिलं तर रोज रात्रभर लावायचं. पाण्याच्या डबीत डिस्टिल्ड वॉटरच घाल, आपल्या बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर धरतो. डोळ्यांवर हवा येत असेल तर मास्क गळतोय. पट्टे आवळत बसू नकोस, माप बदलून घे. वजन उतरलं आणि कुशीवर झोपलास तरी बराच फरक पडतो.

आता तुझी दीपनगरच्या वीजकेंद्रातली नाइट. सकाळी सातला सुटणार असशील तर रात्री दोननंतर चहा बंद. चहातलं कॅफिन साधारण पाच तासांनीही निम्मं अंगात असतं. घरी येताना काळा गॉगल लाव, ऊन डोळ्यात गेलं की शरीराला दिवस उजाडल्याचं कळतं. पण गाडीवर डुलकी येत असेल तर निघूच नको, आधी तिथेच वीस मिनिटं झोप. खोलीत जाड पडदे हवेत. झोप लागायला अंगाची आतली उष्णता उतरावी लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. तेव्हा कूलर चालतो, पण खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत नुसती दमट हवा फिरते. पावसाळ्यात त्यात पाणीच घालू नकोस. ड्युटीवरून आल्या आल्या शेवभाजी-भाकरी हाणून आडवं व्हायचं नाही, छातीत जळजळ होऊन झोप मोडते.

तपासणीत श्वास ठीक निघाला, तरी आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असंच चाललं तर तो निद्रानाश. त्यावरही पहिला उपाय गोळी नाही. झोप आल्याशिवाय गादीवर जायचं नाही. अंदाजे वीस मिनिटांत लागली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, घड्याळ बघायचं नाही. उठायची वेळ पक्की. पहिले आठ-दहा दिवस जास्तच थकवा येईल, तेवढं काढावं लागतं. शिफ्ट फिरते तेव्हा निदान त्या आठवड्यापुरती एकच वेळ धर.

आणखी एक विचारायचं राहिलं. संध्याकाळी आडवं झालं की पाय हलवावेसे वाटतात आणि चाललं की बरं वाटतं, असं होतं का? होत असेल तर रक्तातलं फेरिटिन तपास, त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी ते कमी निघू शकतं, आणि 75 च्या आत असेल तर डॉक्टर लोहाचा विचार करतात. जेवणावर लगेच चहा घेतोस ते थांबव, चहानं लोह नीट अंगी लागत नाही.

मानेचं माप आणि बीपी रविवारी फोनवर सांग. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी
आई