टेक्सासचे दिनविशेष

ह्यूस्टन,
२५ जानेवारी २०२६

प्रिय सुधाकर,

स. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम शेवटी तुझ्याच गळ्यात पडलं म्हणायचं. तुझं अक्षर बघता दुसऱ्या कुणाच्या पडणार होतं! 'तुमच्या टेक्सासचे चार-दोन दिवस कळव' म्हणतोस. कळवतो, पण एक अट आहे. नुसती तारीख आणि पुढे 'अमुक घडले' एवढंच लिहायचं असेल तर लिहू नकोस. इथल्या तारखा अशा सुट्या सुट्या घेतल्या की फसवतात.

ताजंच उदाहरण घे. गेल्या सोमवारी, १९ जानेवारीला, मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी होती. जानेवारीचा तिसरा सोमवार त्यांचा. पण टेक्सासच्या सरकारी यादीत १९ जानेवारी हा 'कॉन्फेडरेट हीरोज डे'सुद्धा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजांचा सेनापती रॉबर्ट ली, त्याचा हा जन्मदिवस. यंदा दोन्ही एकाच दिवशी आले. १९७३ पासून हा दिवस या नावाने पाळतात, आणि रद्द करायचे प्रयत्न होऊनही तो यादीत टिकून आहे. सगळी कचेरी बंद होत नाही, थोडी माणसं कामावर असतात, एवढंच.

आता २ मार्च. १८३६ साली याच दिवशी ब्राझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन नावाच्या गावात मेक्सिकोपासून स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला. तेव्हा सॅन अँटोनियोत आलामो नावाच्या गढीला मेक्सिकोच्या फौजेचा वेढा पडलेला होता. ६ मार्चला आलामो पडलं, आणि २१ एप्रिलला सॅन हासिंतोला टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टन याच्या सुमारे नऊशे माणसांनी मेक्सिकोच्या सांता आनाच्या फौजेवर भर दुपारी, छावणी विश्रांती घेत असताना, झडप घातली. अठरा मिनिटांत लढाई संपली. कत्तल मात्र त्यानंतरही चालू राहिली, हे पोवाडे गाणारे इथेही सांगत नाहीत. रणांगणावर आता ५६७ फुटांचा स्तंभ आहे, वॉशिंग्टनच्या स्तंभाहून उंच. टेक्सासला तेवढं समाधान लागतंच. भारतातून कुणी आलं की मी वर घेऊन जातो. वरून चहूकडे तेल शुद्धीकरणाचे कारखाने दिसतात, पाहुणे रणांगण कुठंय म्हणून विचारतात.

पण २ मार्च फळ्यावर लिहिशील तर दोन ओळी जास्तीच्या लिही. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष ग्वेरेरो यांनी १८२९ मध्येच गुलामगिरी बंद केली होती; टेक्सासच्या वसाहतवाल्यांनी रदबदली करून सूट मिळवली. पुढे नव्या प्रजासत्ताकाची घटना झाली, तिच्यात गुलाम मुक्त करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, ठेवलाच नाही. मालकाच्या मनात आलं तरी काँग्रेसच्या परवानगीशिवाय त्याला आपला गुलाम मोकळा करता येत नव्हता, आणि स्वतंत्र काळ्या माणसाला तशा परवानगीविना इथे कायमचं राहता येत नव्हतं. स्वातंत्र्य कुणाचं, हे मुलांनी विचारलं तर उत्तर तयार ठेव.

त्याचं उत्तर १९ जूनला आहे. हा दिवस मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. लिंकनने गुलाममुक्तीची घोषणा अमलात आणली १ जानेवारी १८६३ ला. पण टेक्सासमध्ये उत्तरेचं सैन्य जवळपास नव्हतंच. उलट इतर राज्यांतले मालक आपले गुलाम घेऊन इकडे पळून येत होते, इथे कोण विचारतंय म्हणून. अडीच वर्षांनी, १९ जून १८६५ ला, उत्तरेचा जनरल ग्रेंजर गॅल्व्हेस्टन बंदरात उतरला आणि हुकूम निघाला: सगळे गुलाम मुक्त आहेत. इथे तेव्हा अडीच लाख माणसं गुलाम होती. हुकूम जरूर वाच, छोटाच आहे. पहिल्या भागात मालक आणि गुलाम यांच्या हक्कांची संपूर्ण समानता सांगितलीय. शेवटी मुक्त झालेल्यांना बजावलंय की गुमान आहात तिथेच राहून मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांपाशी गर्दी करू नका, रिकामं बसलात तर कुणी पोसणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्यांना रिकामं बसू नका म्हणायचं! त्याच माणसांनी १८७२ मध्ये ह्यूस्टनला पैसे जमवून दहा एकर जागा घेतली, हा दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. ते एमान्सिपेशन पार्क आजही आहे. राज्याने सुट्टी दिली १९८० पासून, देशाने २०२१ मध्ये.

गॅल्व्हेस्टनचीच दुसरी तारीख ८ सप्टेंबर १९००. चक्रीवादळ, सहा ते बारा हजार मृत्यू. अमेरिकेत नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं आजवर मेलेली नाहीत. त्यानंतर चारच महिन्यांनी, १० जानेवारी १९०१ ला, बोमाँटजवळ स्पिंडलटॉपला तेलाचं कारंजं उडालं. गॅल्व्हेस्टनचं वैभव गेलं आणि पुढे बंदर, तेल, पैसा सगळं ह्यूस्टनकडे वळलं. मी इथे नोकरीला आहे तो त्याच ओघात.

१ फेब्रुवारी २००३ तुला सांगायला नको. कोलंबिया यान याच आकाशात, पूर्व टेक्सासवर फुटलं तेव्हा इथे सकाळचे आठ वाजत होते, तिकडे संध्याकाळचे साडेसात. कल्पना चावला इथल्याच आर्लिंग्टनच्या विद्यापीठात शिकलेली.

तुझ्या पोरांसाठी मात्र मी निवडेन १८ मार्च. १९३७ साली, पूर्व टेक्सासच्या तेलपट्ट्यात, न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात नैसर्गिक वायू साठत गेला. खर्च वाचवायला शाळेने तेल कंपनीच्या नळातून टाकाऊ वायू घेतला होता. त्याला वासच नव्हता, त्यामुळे गळती कुणाला कळली नाही. दुपारी सव्वातीनच्या सुमाराला एका शिक्षकाने लाकूड घासायचं यंत्र चालू केलं, ठिणगी पडली. जवळपास तीनशे मुलं नि शिक्षक गेले. ढिगाऱ्यात एक फळा सापडला, त्यावर खडूने लिहिलेलं होतं की तेल आणि वायू हे पूर्व टेक्सासला लाभलेलं वरदान, ते नसतं तर ही शाळा नसती. त्यानंतर टेक्सासने वायूत उग्र वास मिसळायची सक्ती केली आणि ती पद्धत जगभर गेली. तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी सिलिंडर आहे. गॅसचा वास आला की आई ओरडते, तो वास मुद्दाम घातलेला असतो, एवढं त्यांना सांग. १८ मार्चला परीक्षांची गडबड असेल, पण फळा रिकामा ठेवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बाकीच्या तारखा हव्या असतील तर फोन कर, रविवारी तुमच्या रात्री मी मोकळा असतो.

तुझा,
अविनाश