मनगटावरचं घड्याळ काढून ठेवणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन बोलावं म्हणून दोनदा तुमच्याकडे निघाले. दोन्ही वेळा जिन्यातच गळा दाटून आला आणि मागे फिरले, म्हणून लिहितेय. चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या भांडुपात माझ्यासारख्या आया पुष्कळ आहेत आणि त्या गप्प बसतात. मीही बसले होते.

माझ्या मुलाला वाचता येत नाही हे मला तो तिसरीत गेल्यावर कळलं. पहिली-दुसरीत धडे घडाघडा म्हणायचा, मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे आणि खूश व्हायचे. एकदा तो पान उलटायला विसरला. पुस्तकात जुनंच पान आणि तोंडात पुढच्या पानावरचा मजकूर. माझ्या पोटात धस्स झालं. सगळं नुसतं पाठ होतं! 'भ' आणि 'म' त्याला सारखेच दिसायचे, 'घ' आणि 'ध' पण. 'ख' आला की 'रव' म्हणायचा.

शाळेत भेटायला गेले तर बाई इतर पालकांसमोर म्हणाल्या, "घरी कोणी लक्ष देत नाही वाटतं." मग महिना ८०० रुपयांची शिकवणी लावली. तिथे त्याने फळ्यावरचं वहीत उतरवून घेतलं, बस्स. अक्षर वळणदार झालं, वाचन होतं तिथेच राहिलं.

वर्गात वाचन घ्यायचे ते मोबाइलवर वेळ लावून. २०२१ साली आलेल्या 'निपुण भारत' या लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या मोहिमेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे, हे मला नंतर समजलं. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. कोण मागे पडतंय ते लवकर कळावं आणि त्याला हात द्यावा, यासाठीच ते असणार. माझ्या मुलाला हात कोणीच दिला नाही. त्याच्या वाट्याला फक्त ते मिनिट आलं. बाईंचा अंगठा मोबाइलवर गेला की पोरगं घामाघूम. पुढे पुढे पुस्तक उघडलं तरी त्याचं पोट दुखायला लागलं. आणि मी काय केलं? कान पिरगाळला. फुटपट्टी उगारली. ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

अशा अवस्थेत त्याला मंडळाच्या खोलीत तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही आधी त्याला पाणी दिलंत. मग गोष्टीचं पुस्तक समोर ठेवलंत. पहिल्याच ओळीत 'दिवा' शब्द होता. तो अडकला. मान खाली, बोट त्या शब्दावर, कानाच्या पाळ्या लाल. शब्द माझ्या ओठांवर आला होता, मी सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही मनगटावरचं घड्याळ सोडलंत, पर्समध्ये टाकलंत आणि चेन ओढून घेतलीत. माझ्याकडे एकदा बघितलंत फक्त. मी गप्प झाले.

किती वेळ गेला देव जाणे. बाहेर रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची हाक, आणि आत आपण तिघं त्या एका शब्दापाशी. शेवटी तो म्हणाला, "इदवा."

मला रडू फुटायचं बाकी होतं. तुम्ही मात्र म्हणालात, "बरोबर बघतोयस रे. वेलांटी आधी दिसते, म्हणून तू ती आधी म्हटलीस. लिहिताना ती पुढे उभी राहते, बोलताना अक्षराच्या मागून येते." मग तुम्ही जुन्या लग्नपत्रिकेला खिडकी कापलीत, एका वेळी एकच शब्द दिसेल एवढी, आणि ती त्याच्या हातात दिलीत. आपल्या मुलाच्या चुकीलाही काही कारण असतं, हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी येताना त्याने बाकी काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "आई, आजीने घड्याळ काढून ठेवलं."

पुढचे आठ महिने तुम्ही काय काय केलंत ते इथे मांडत नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. एक रुपया घेतला नाहीत. त्याचे मार्क विचारले नाहीत, नवरा काय करतो हेही विचारलं नाहीत. मंडळाच्या पोरांनी न सांगता ट्यूबलाइट बदलून दिली, कोपऱ्यावरचा रद्दीवाला चांगली पुस्तकं बाजूला काढून ठेवायला लागला. या शहरात कोणाला कोणासाठी वेळ नाही म्हणतात, मीही म्हणायचे. आता नाही म्हणवत. माणसं आहेत हो चांगली, आपल्याच गल्लीत आहेत, आपली त्यांची गाठ पडायला उशीर होतो.

आता गेल्या रविवारची गोष्ट, जी सांगायला खरं तर मी जिना चढत होते. दादरला भावाकडे निघालो होतो. स्लो लोकल, गर्दी नव्हती, याला खिडकी मिळाली. कांजुरमार्ग गेलं. विक्रोळीला त्याने पाटीवर डोळे लावले. वेलांटी, मग जोडाक्षर, सगळंच अवघड. "वि..." म्हणेपर्यंत गाडी सुटली. मी काही बोलले नाही, काकू. तुमची शपथ, ओठ घट्ट मिटून बसले. घाटकोपरचा प्लॅटफॉर्म दिसायला लागला तेव्हा हा ओरडला, "विक्रोळी!" शेजारची बाई दचकून बघायला लागली.

कुर्ल्यानंतर गाडी थांबली आणि तो गोंधळला. "आई, इथे तर सायन येतं ना? मग पाटीवर 'शीव' का लिहिलंय?"

पूर्वीचा असता तर 'सायन' म्हणून मोकळा झाला असता, कारण सगळे तेच म्हणतात. पाटीवर जे लिहिलंय ते त्याने वाचलं, काकू. भर लोकलमध्ये मी पदराने डोळे पुसले आणि तो विचारत राहिला, "सांग ना, शीव म्हणजे काय?"

मी त्याला सांगितलं, शीव म्हणजे हद्द, जुन्या मुंबईची वेस इथे होती. पण त्याला ते तुमच्याकडूनच ऐकायचंय. शुक्रवारी पाठवते. सोबत डब्यात पुरणपोळ्या असतील, त्या मात्र परत पाठवू नका.

तुमची,
भांडुपची एक आई