विसार देण्याआधी

मस्कत,
शुक्रवार

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सातबाऱ्याचा फोटो रात्रपाळीवरून आल्यावर मोठा करून वाचला. फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहून पाठवतेय. अण्णांनाही वाचून दाखव.

ओढ्याकडचं ते रान आपल्याला मिळावं असं मलाही वाटतं. आपल्या बांधाला लागून आहे, माती काळी आहे, अण्णांची सगळी हयात त्याच्याकडं बघण्यात गेली. तरी सोमवारी विसार देऊ नकोस.

उताऱ्यावर भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारा, म्हणून रान विकणाऱ्या एकट्या भावाचं नाव आहे. त्याच्या दोन बहिणींची नावं कुठं आहेत? धाकटी माझ्या वर्गात होती. पावसाळ्यात एकमेकींचा हात धरून आम्ही तोच ओढा ओलांडून शाळेला जायचो. आता ती पलूसला दिलीय. त्या भावाच्या नावाजवळ फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर आहे, तो फेरफार आणि त्याच्या आधीचे तासगावातून काढून आण. वडील वारल्यावर वारसनोंदीत पोरींची नावं लागली होती का, आणि लागली असतील तर कोणत्या कागदानं कमी झाली, ते त्यातच कळेल. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र असेल तर प्रश्न मिटला. नुसत्या स्टॅम्पवर सह्या घेतल्या असतील तर तो कागद आपल्या कामाचा नाही.

'पोरींचं लग्नात दिलं' असं तो म्हणाला, असं तू सांगितलंस. कायद्यात त्याला काही किंमत नाही. १९५६ पासून मुलगी बापाच्या हिश्श्याची वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत तिला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क आहे. त्या तारखेला बाप हयात नसला तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तरच गोष्ट वेगळी, आणि मग त्या वाटपाचा कागद त्यानं दाखवावा.

बापू, आजोबा गेले तेव्हा आत्या दहाव्याला आली होती. सोप्यात तिच्यापुढं कागद ठेवला, बोट दाखवलं तिथं तिनं सही केली. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. मी दाराआड उभी होते. अण्णांना हे ऐकून वाईट वाटेल, पण इतकी वर्षं मनात ठेवलंय. दुसऱ्याच्या बहिणीच्या वाट्यावर आपण नांगर घालायचा नाही.

तू म्हणतोस, सातबारा ऑनलाइन निघाला म्हणजे पक्का. तू काढलास तो फुकटचा, नुसता माहितीसाठी असतो. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढ, सोबत आठ-अ, म्हणजे त्याच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा, पण घे. आणि सहीचा असला तरी सातबारा हा महसुलाचा कागद आहे. उलट काही सिद्ध होईपर्यंत तो खरा मानतात, एवढंच. त्याच्यानं कुणी मालक होत नाही. म्हणून वकिलाकडून दुय्यम निबंधकांकडचा तीस वर्षांच्या नोंदींचा शोध, म्हणजे सर्च, घे. आधी कुणाला खरेदी दिलीय का, गहाण आहे का, ते त्यात सापडतं. कोर्टात दावा चालू आहे का तेही वकिलालाच बघायला सांग. 'इतर हक्क' मध्ये सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसतोय. तो फेडल्याचा दाखला येऊन बोजा कमी झाल्यावरच पुढचं बोल. भोगवटादार वर्ग १ आहे हे बरं झालं, वर्ग २ असता तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी खेटे पडले असते.

विहिरीचं तर कुणी बोलतच नाही. आपल्या भागात पाण्याशिवाय रानाला काय मोल? त्या विहिरीत चार आण्यांचा हिस्सा आहे असं गावात म्हणतात. तो कागदावर आहे का बघ, आणि खरेदीखतात पाण्याची पाळी, मोटार, पाइपलाइन, गाडीवाट सगळं शब्दानं लिहून घे.

उताऱ्यावर ०.८१ हेक्टर आहे, म्हणजे दोन एकर. पण ओढ्यानं काठ किती खाल्लाय ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. खरेदीआधी भूमी अभिलेखची मोजणी होऊ दे. अर्ज त्याला करायला लाव, खातेदार तो आहे. फी हवी तर आपण देऊ.

अर्धं रान माझ्या नावावर घ्यायचं म्हणालास, वाचून डोळे भरून आले. पण ते होत नाही. पासपोर्ट भारताचा असला तरी नोकरीसाठी बाहेर राहणाऱ्याला फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यानं शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं तेवढी येते. खरेदी अण्णांच्या नावावर कर. पैसे मी बँकेतूनच पाठवीन, आणि तिकडंही सगळे चेकनंच जाऊ देत. रोख एक रुपयाही नको.

आता एक काम कर. रविवारी वहिनींना घेऊन पलूसला जा, माझ्या मैत्रिणीला भेट. मी पाठवलंय म्हणून सांग, आणि रान विकायचं चाललंय हे तिला माहीत आहे का, ते सरळ विचार. थोरल्या बहिणीचा पत्ता तिच्याकडूनच मिळेल. दोघी खरेदीखतावर सही करायला तयार असतील आणि त्यांचा पैसा त्यांच्याच खात्यात जाणार असेल, तर त्या दिवशी मला फोन कर. वेळ कितीही असू दे, मी उचलेन.

अण्णांच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, आणून ठेव. आईला नमस्कार.

तुझी,
अक्का