मोसमी पावसाच्या अंदाजातील एकच आकडा पुरेसा नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. दरवर्षी एप्रिलमध्ये हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक वृत्तपत्रांत सरासरीच्या किती टक्के पाऊस होईल याचा एकच आकडा ठळक छापून येतो. त्या आकड्यासोबत विभागाने दिलेली पाच टक्के कमी-अधिक त्रुटीची मर्यादा, तसेच पाऊस सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका वा जास्त होण्याची संभाव्यता मात्र बातमीतून गळून जाते, याचा मला मनापासून खेद वाटतो.

हवामान मॉडेलांना, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या संगणकीय गणितांना, काय साधते आणि काय साधत नाही, हे वाचकांना कळायला हवे. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून, सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेग घेऊन अरबी समुद्र ओलांडणारे नैर्ऋत्य वारे आणि त्यांच्या बऱ्याच वर उलट दिशेने वाहणारा पूर्वेकडील वाऱ्यांचा झोत, ही मोसमी अभिसरणाची, म्हणजे वाऱ्यांच्या चक्राची, मुख्य अंगे. हजारो किलोमीटर पसरलेल्या या अभिसरणाची नाळ समुद्रपृष्ठाच्या तापमानाशी जुळलेली असते आणि ते तापमान सावकाश बदलते. म्हणूनच काही महिने आधी अंदाज बांधता येतो, असे हवामानशास्त्रज्ञ चार्नी आणि शुक्ला यांनी १९८१ मध्ये मांडले. पावसाचे तसे नाही. मॉडेल प्रदेशाचे चौकटींत तुकडे करून गणित मांडते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशन या सरकारी उपक्रमाच्या मॉडेलमधील एक चौकट सुमारे ३८ किलोमीटरची, तर गडगडाटी ढग जेमतेम काही किलोमीटर रुंद. त्यामुळे तो ढग मॉडेलला दिसतच नाही, त्याचा परिणाम ठोकताळ्याने धरावा लागतो. साहजिकच वाऱ्यांचा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

एल निनोवरून, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले की आपल्याकडे पाऊस कमी होणार असा, थेट निष्कर्ष काढणेही धोक्याचे आहे. १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ मध्ये एल निनो त्याहून सौम्य होता, अंदाजही सरासरीइतक्या पावसाचा होता, पण जुलैमध्ये सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर अडला.

२०२३ चे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पाऊस ९४ टक्के झाला, म्हणजे आकडा त्रुटीच्या मर्यादेत बरोबर आला. तरीही त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्याचे पीक पावसाच्या त्या खंडात करपले, त्याला ९४ टक्क्यांचा काय उपयोग?

मॉडेल एकदाच चालवले जात नाही. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून ते पुनःपुन्हा चालवतात. उत्तरे जितकी एकमेकांजवळ, तितका भरवसा जास्त. ही उत्तरे किती विखुरली आहेत, हीच खरी बातमी आहे. तेव्हा येत्या एप्रिलमध्ये आपल्या पहिल्या पानावर टक्केवारीच्या आकड्याशेजारीच तिन्ही शक्यतांची संभाव्यता आणि विभागाचा प्रदेशवार नकाशा छापावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक