तुझ्या ट्रेलरबद्दल, जरा सविस्तर

अंधेरी, मुंबई

प्रिय संज्या,

तुझा ट्रेलर पाहिला. 'कसा वाटला?' एवढंच विचारलंस, पण नुसता अंगठा पाठवून भागणार नव्हतं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, लांबलाय. आणि सासऱ्याने जमीन विकली हे तू दुसऱ्याच मिनिटाला फोडलंस! मग माणसाने तिकीट काढून पाहायचं काय?

आता आवाज. आमच्या एडिटमध्ये बऱ्याचदा संगीत आधी लागतं, चित्र नंतर. टाइमलाइनवर ठोक्यांच्या खुणा करायच्या आणि कट त्यांवर पाडायचे. तूही तेच केलंस, पण प्रत्येक ठोक्यावर कट! लग्नाच्या व्हिडिओसारखं झालंय. दोन ठोके पकड, तिसरा सोड. शिवाय तो भोंग्यासारखा 'ब्रॅम' काढून टाक. २०१० च्या 'इन्सेप्शन'च्या ट्रेलरांनंतर तो इतक्या ठिकाणी वाजलाय की आता कुणी दचकत नाही. तुझ्या विहिरीच्या गोष्टीत तर तो परकाच वाटतो.

आणि विहिरीचा शॉट! त्यात रहाटाची करकर आहे ना, ती दाबून तू ढोल लावलास. उलट कर. पडदा काळा, नुसता रहाट. मग विहीर दिसू दे, पण त्यावर आईचं ते स्वयंपाकघरातलं वाक्य टाक: "पाणी कुणाचं, ते आधी ठरवा." करकर वाढवत ने आणि एकदम तोड. आठ फ्रेम काळ्या, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. मग नाव. ढोल लागणारच नाही बघ.

झाकून ठेवण्यात दिग्दर्शक हिचकॉकचा हात कोण धरणार? 'सायको'च्या (१९६०) ट्रेलरमध्ये तो स्वतःच सहा मिनिटांहून जास्त वेळ सेट दाखवत हिंडतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढल्यावर किंचाळते ती बाईसुद्धा सिनेमातल्या त्या प्रसंगातली जॅनेट ली नाही, दुसरीच नटी व्हेरा माइल्स आहे. लबाडीच, पण काय झोकात केलेली!

तू मात्र सिनेमात नसलेलं गाणं ट्रेलरमध्ये घातलंयस. शाहरुखच्या 'फॅन' सिनेमाच्या वेळी असंच झालं होतं. आपल्याच राज्यातल्या एका शिक्षिकेने तक्रार केली आणि राज्य ग्राहक आयोगाने दहा हजारांची भरपाई द्यायला लावली. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ट्रेलर म्हणजे करार नव्हे, असं ठरलं. म्हणजे कायद्याने तू सुटशील. पण प्लाझा थिएटरातून बाहेर पडणारा माणूस शिव्या घालेल त्याचं काय? गाणं काढच.

मिक्स झालं की हेडफोन बाजूला ठेवून साध्या मोबाइलवर ऐक. तुझा खालचा बेस तिथे गायब होतो, आणि निम्मी जनता तिथेच बघणार आहे. थिएटरात लावणार असशील तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र ट्रेलरला वेगळं लागतं, ते निर्मात्याच्या कानावर घाल.

नवा कट पाठवताना संवाद, संगीत आणि इफेक्ट्सचे ट्रॅक वेगवेगळे दे. रविवारी मला सुट्टी आहे, बसतो त्यावर. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मन्या