‘मोफत तपासणी’चे जाळे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नोकरी शोधणाऱ्यांना लिंक्डइनवरील प्रोफाइल आणि बायोडेटा लिहून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेकडून माझी फसवणूक झाली. चौकशी करताना त्याच सेवेचे आणखी दोन ग्राहक भेटले. तिघांचेही अनुभव इतके सारखे निघाले की हा कुणा एका कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा नसून धंद्याची रीतच आहे, याविषयी आम्हाला शंका उरली नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात होते ती ‘मोफत तपासणी’पासून. बायोडेटा पाठवला की दुसऱ्याच दिवशी लांबलचक ईमेल येतो: मजकूर निष्प्रभ आहे, त्यात कामांची यादी दिसते पण कर्तृत्व दिसत नाही, आणि अर्ज छाननीच्या सॉफ्टवेअरला तो नीट वाचताच येणार नाही. सोबत शंभरपैकी जेमतेम पस्तीस गुण. अशी सॉफ्टवेअर अनेक कंपन्या वापरतात हे खरे. पण आलेले अर्ज साठवणे, त्यांतील माहिती वेगळी काढणे आणि भरती करणाऱ्याला ती शोधता येईल अशी ठेवणे, हे त्यांचे मुख्य काम. ‘75 टक्के अर्ज माणसाच्या नजरेस पडण्यापूर्वीच बाद होतात’ हे वाक्य मात्र आम्हा तिघांच्याही ईमेलमध्ये होते, आणि त्यामागचा अभ्यास कोणता, असे विचारल्यावर तिघांनाही उत्तर मिळाले नाही. महिनोन्‌महिने कुठूनच उत्तर न आलेल्या माणसाला आपल्या अपयशाचे इतके सोपे कारण हाती लागले, की तो पैसे भरायला तयार होतो. मीही झालो.

जे लिहून मिळाले, त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. लिंक्डइनवर स्वतःची ओळख करून देणाऱ्या मजकुराला 2,600 अक्षरांची मर्यादा आहे. मला आलेला मजकूर त्याहून मोठा असल्याने तो तेथे बसेचना. त्यातले एक भारदस्त वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधले, तेव्हा ते शब्दशः आणखी कितीतरी जणांच्या प्रोफाइलवर सापडले. त्याहून धक्कादायक म्हणजे, मी कधीही न सांभाळलेल्या बारा जणांच्या चमूचे ‘यशस्वी नेतृत्व’ माझ्या नावावर जमा झाले होते. मुलाखतीत त्याविषयी प्रश्न आला असता तर उत्तर मला द्यावे लागले असते, लिहिणाऱ्याला नव्हे. शेवटी केवळ कुतूहल म्हणून, त्यांनीच लिहिलेला बायोडेटा दुसऱ्या नावाने त्यांच्याच मोफत तपासणीला पाठवला. दुसऱ्या दिवशी ईमेल आला: मजकूर निष्प्रभ, कर्तृत्व दिसत नाही, गुण पस्तीस.

पैसे परत मागितले, तेव्हा नियमांतील एका कलमावर बोट ठेवण्यात आले. पहिला मसुदा ईमेलने पाठवताच काम ‘पूर्ण’ होते, त्यानंतर फक्त पुनर्लेखन मिळते. जाहिरातीतल्या ‘मुलाखतीच्या हमी’चा अर्थही तोच: मुलाखत आली नाही तर पुन्हा लिहून देऊ. संकेतस्थळावरच्या पंचतारांकित अभिप्रायांचे गूढ आमच्यातील एकीमुळे उलगडले. मसुदा हाती येण्यापूर्वीच पाच तारे दिल्यास काम लवकर मिळेल, असे तिला कळवण्यात आले होते. तिने नंतर लिहिलेला खरा अभिप्राय मात्र तेथे कधी दिसला नाही.

सर्वांत गंभीर बाब पासवर्डची. ‘आम्हीच मजकूर चढवून देतो’ असे सांगून त्यांनी तिघांकडूनही लिंक्डइनचा पासवर्ड मागितला आणि दोघांनी तो दिला. पासवर्ड गुप्त ठेवावा व खाते दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असे लिंक्डइनच्या करारातच म्हटले आहे. पुढे त्या दोघांच्या खात्यांवरून अनोळखी लोकांना संपर्काची निमंत्रणे गेली. ज्यांनी असा पासवर्ड दिला असेल त्यांनी तो तातडीने बदलावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि खाते आणखी कोणत्या उपकरणांवर उघडे आहे ते सेटिंगमध्ये पाहून तेथून ते बंद करावे. हाच पासवर्ड ईमेलला वापरला असेल, तर आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा.

प्रामाणिकपणे हे काम करणारे लेखकही असतील. ते मजकूर लिहिण्यापूर्वी तुमच्याशी बोलतात, काय केले आणि काय केले नाही हे खोदून विचारतात. आम्हाला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता; तेव्हाच सावध व्हायला हवे होते, हे कबूल करतो.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार नोंदवता येते, पण तिला मुदत असते. आमच्यातील एकीने तिला मिळालेले मसुदे आणि ईमेल जोडून वेळेत तक्रार केली व तिला रक्कम परत मिळाली. माझी मुदत चौथ्या पुनर्लेखनाची वाट पाहण्यात संपली.

आपला,
एक वाचक